कडं

लोटनने ती शेगडी आणली
सुरतेच्या एका बंद पडलेल्या हॉटेलातून,
टेम्पोत, गोधडीत गुंडाळून.
दिसायला मोठं हिरवट अंडं, तीन पायांवर उभं.
आत भाजक्या मातीचा वाडगा, वाडग्यावर कडं,
कड्यावर जाळी, वरून जड झाकण.
वाडगा एका कंपनीचा, कडं भलत्याच.
बसेल हो काका, लोटन म्हणाला, मातीच ना ती.

बसलं नाही.
बोट लावलं की कडं डुगडुगायचं
झेडपीच्या शाळेतल्या बाकासारखं.
फटीतून वारा शिरायचा,
एका अंगाचे कोळसे भराभर पेटून राख व्हायचे,
आणि बामणोदचं वांगं
इकडून जळकं, तिकडून कचकच.
पारोळा रोडवरचं गिऱ्हाईक भरीत चाखायचं,
मग काही न बोलता कळण्याची भाकर
नुसत्या ठेच्याशी खायचं.

मी हिलाल दगा सोनवणे,
धुळे डेपो, इंजिन सेक्शन, एकतीस वर्षं.
साहजिक मलाच बोलावणं.

वाडग्याच्या काठाला काजळी फासली,
कडं ठेवलं, उचललं.
जिथे काळं लागलं तिथे उंचवटा,
तिथे कानस.
पुन्हा काजळी. पुन्हा कानस.
तीन दिवस, चष्म्यावर पांढरी धूळ,
बायको म्हणे, घरी येताना आधी अंगणात झटका.
चौथ्या दिवशी कडं असं बसलं
की पोस्टकार्डाची कड आत जाईना.
लोटनने पेढे मागवले.
अर्ध्या तासाने आतून आवाज आला, टण्ण,
आणि पेढ्यांचा पुडा तसाच मिटला गेला.

केवळबाई कुंभारीण पांझरेच्या काठी,
मांड्यांची खापरं करते.
मी तिच्यापुढे कागद ठेवला: व्यास, जाडी,
सुतापर्यंत माप, बाणांसकट.
तिने त्याच्यावर चहाचा ग्लास ठेवला.
फुटका तुकडा बोटाच्या पेराने वाजवला,
जिभेला लावला,
थुंकली.

"तुन्हं माप थंड शे, भाऊ.
माटी तपनी का फुगस, निवनी का आंग चोरस.
तिले दम टाकाले जागा कोठे शे?"

मी काय बोलणार.
आयुष्यभर पिस्टनच्या रिंगा बसवल्या.
प्रत्येक रिंग तोंडाशी उघडी,
फीलर गेजचं पातं सरकेल एवढी.
हाताखालच्या पोरांना ओरडून सांगायचो,
फट ठेवा रे, नाहीतर सिलिंडर खाईल ती.
चहाचा गोल डाग
माझ्या व्यासाच्या आकड्यावर पसरत होता.

तिने कडं चार तुकड्यांत केलं.
मातीत घोड्याची लीद, राख, चाळलेली वाळू;
अकरा दिवस सावलीत, मग खापरांच्या आव्यात.
आम्ही ते गार शेगडीत मांडलं
आणि लोटनचं तोंड उतरलं:
चार तुकड्यांमध्ये चार फटी,
चारी तुकडे दात पडायला आलेल्या पोरासारखे हलते.
काका, हे तर पहिल्यापेक्षा वाईट.
पेटव, म्हटलं. मलाही खात्री नव्हती.

कोळसा लाल झाला.
टिक. मग बऱ्याच वेळाने, टिक.
मी गुडघ्यावर बसून आत पाहत होतो,
भुवयांचे केस करपल्याचा वास येत होता.
फटी बारीक झाल्या. मग रेघा.
मग त्या शोधाव्या लागल्या.
झाकण ठेवलं तर कुठूनच धूर नाही,
फक्त वरच्या भोकातून, सरळ.

वांगी सगळीकडून सारखी सुरकुतली.
लोटनने साल काढली, ती एका ओढीत निघाली.
बडगीत ठेचताना
कांद्याच्या पातीचे हिरवे तुकडे
त्याच्या मनगटाला चिकटले होते.

केवळबाईने पाच तुकडे भाजले होते.
पाचवा कशाला, विचारलं,
तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे."
तो माझ्या खिडकीत आहे, लाइटबिलांवर.
दुपारी ऊन येतं तेव्हा मी कधीकधी
त्याच्यावर हात ठेवून बघतो.
बायको विचारते, काय बघताय.
काही नाही, म्हणतो.
तापलाय.